लिफ्टताई अ‍ॅम्ब्युलन्सवर जाते

दवाखान्याच्या जुन्या इमारतीत एकच लिफ्ट होती आणि त्या लिफ्टमध्ये एकोणीस वर्षं एकच बाई होती. तिला सगळे लिफ्टताई म्हणत, अगदी मोठे डॉक्टरसुद्धा. कोपऱ्यात तिचं स्टूल, स्टुलावर घरून आणलेली उशी, भिंतीला पितळी दांडा आणि दांड्यावर तिचा हात. दांडा इकडे ढकलला की लिफ्ट वर, तिकडे ओढला की खाली. हातांना बाकी काही काम नव्हतं. काम होतं ते कानांना.

डॉक्टर मंडळी लिफ्टमध्ये शिरली की खुशाल बोलत सुटायची. लिफ्टताई त्यांना स्टुलाइतकीच दिसायची. "त्या आजोबांचं पोट का फुगलं होतं, कळलं का?" असं एकाने विचारावं, दुसऱ्याने "कळलं ना, आम्ही समजत होतो लिव्हर, पण निघालं भलतंच, झालं काय की" म्हणावं आणि तेवढ्यात तिसरा मजला यावा. दार उघडलं की दोघे बोलत बोलत निघून जायचे. लिफ्टताई आजोबांचं पोट तसंच फुगलेलं घेऊन खाली यायची.

असं एकोणीस वर्षं चाललं. तिला शेकडो आजारांची सुरुवात ठाऊक होती, काहींचा नुसता शेवट ठाऊक होता आणि मधलं कशाचंच नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर ती नवऱ्याला दिवसभराच्या हकिगती सांगायची. नवरा शिंपी. पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं. तो मशीन थांबवून विचारायचा, "मग पुढे काय झालं?"

"पुढे तिसरा मजला आला."

नवरा पुन्हा पायडल मारायला लागायचा.

मग एके दिवशी लिफ्ट बदलली. नवी लिफ्ट चकचकीत, बटणांची. माणसाने स्वतःच बटण दाबायचं आणि आतून एक बाई आवाजात साखर घोळून मजला सांगायची. लिफ्टताईने त्या बाईचं बोलणं दिवसभर ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाली, "ही 'तिसरा मजला' असं म्हणते, जसा काही हिनेच बांधलाय."

मोठ्या सिस्टरनी तिला बोलावून घेतलं. म्हणाल्या, दोन जागा आहेत. एक चादरींच्या खोलीत, घड्या घालायच्या. दुसरी अ‍ॅम्ब्युलन्सवर, पण त्यासाठी तीन महिन्यांचा वर्ग करावा लागेल, लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागेल आणि प्रमाणपत्र मिळालं तरच गाडीत बसता येईल.

"चादरींच्या खोलीत आणखी कोण असतं?" लिफ्टताईने विचारलं.

"कोणी नाही. चादरी असतात."

"मग अ‍ॅम्ब्युलन्स."

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी लिफ्टताई वही-पेन घेऊन वर्गात जाऊन बसली. वर्ग दवाखान्याच्या मागच्या बाजूला, जुन्या कपाटांच्या खोलीत भरायचा. बारा विद्यार्थी, एक रबरी छाती, एक प्लास्टिकचा सांगाडा. सांगाड्याची उजव्या गुडघ्याची वाटी हरवली होती आणि तिथे कोणीतरी बाटलीचं झाकण चिकटवलं होतं. शिकवायला जे सर होते त्यांना सगळे नाडीसर म्हणत. तीस वर्षं अ‍ॅम्ब्युलन्सवर काढलेला शिडशिडीत माणूस. हात मिळवायला पुढे केला की त्यांची बोटं आपोआप समोरच्याच्या मनगटावर जायची आणि नजर घड्याळाकडे. लिफ्टताईचा हात त्यांनी अर्धं मिनिट सोडला नाही.

"शहाण्णव," ते म्हणाले. "घाबरलात की जिना चढून आलात?"

"जिना, सर. लिफ्टमध्ये बसवत नाही आता."

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: आपण मरायचं नाही. खाली लिहिलं: सोबत्याला मरू द्यायचं नाही. त्याखाली: बघ्यांना मरू द्यायचं नाही. आणि चौथ्या ओळीत: आता पेशंट.

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सर, पेशंट चौथ्या नंबरवर?"

"तुम्ही धावत गेलात आणि तुम्हीच आडवे झालात तर पेशंट किती झाले?"

"दोन."

"आणि वाचवणारे?"

मागच्या बाकाने वही उघडली. नाडीसर म्हणाले, "आधी जागा बघायची. आग, वायर, गाड्या, कुत्रा, चिडलेला मेव्हणा. मग हातमोजे. मग माणूस. शुद्ध आहे का, श्वासाचा मार्ग मोकळा आहे का, श्वास चालू आहे का, रक्त कुठून वाहतंय का. बाकी सगळी विद्या याच्या नंतरची."

मग त्यांनी विचारलं, शॉक म्हणजे काय कोणाला माहीत आहे? विजेचा नव्हे, अंगातला. लिफ्टताईने हात वर केला. एकोणीस वर्षांत हा शब्द तिने हजार वेळा ऐकला होता.

"अंगातलं रक्त बरंच गेलं, सर, की मग माणूस..."

"हां, माणूस?"

लिफ्टताई उभीच राहिली. "सर, पुढचं दुसऱ्या मजल्यावर उतरलं."

वर्ग हसला. नाडीसर हसले नाहीत. त्यांनी आधी सगळी हकिगत विचारून घेतली, मग खुर्ची ओढून तिच्या समोर बसले आणि म्हणाले, "आता कोणी उतरणार नाही. ऐका. रक्ताचा पुरवठा अपुरा पडला की अंगाला प्राणवायू पोचत नाही. मग कातडी गार पडते, ओलसर होते, फिकट दिसते. नाडी धावते. माणूस बेचैन होतो, काहीबाही बोलतो. अशा वेळी रक्त थांबवायचं, आडवं करायचं, पांघरूण घालायचं, तोंडाने काही द्यायचं नाही आणि गाडी हाकायची. झालं. पूर्ण झालं."

लिफ्टताई खाली बसली. तिला एकदम हलकं वाटलं. मग तिने पुन्हा हात वर केला आणि विचारलं, "सर, एका आजोबांचं पोट फुगलं होतं. लिव्हर नव्हतं. काय असेल?"

त्या तीन महिन्यांत नाडीसरांनी वर्ग सुटल्यावर रोज दहा मिनिटं तिची लोंबकळती वाक्यं पूर्ण करून दिली. काही वाक्यांपुढे त्यांनीही हात टेकले.

पुस्तकातलं तिला भराभर समजत गेलं. अडत होतं ते एकाच ठिकाणी. बेशुद्ध माणसाजवळ गुडघे टेकून, दोन्ही खांद्यांवर थोपटून मोठ्याने विचारायचं असतं, "ऐकू येतंय का?" लिफ्टताई गुडघे टेकायची, खांद्यांवर थोपटायची आणि खणखणीत आवाजात विचारायची, "कितवा मजला?"

एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा नाडीसर म्हणाले, "प्रश्न चुकीचा नाही. ज्याने उत्तर दिलं तो शुद्धीवर आहे. पण परीक्षक बाई कडक आहेत, त्यांना विनोद कळत नाही."

"घरी सराव करते, सर."

घरी सराव म्हणजे नवऱ्यावर. नवरा जमिनीवर झोपायला तयार होता, पण छातीवर हात ठेवला की त्याला गुदगुल्या व्हायच्या. मेलेला माणूस खिदळायला लागला की दाबणारीचं लक्ष उडतं. शिवाय चालत्या काळजाच्या माणसाची छाती खरोखर दाबायची नसते, हे नाडीसरांनी बजावून सांगितलं होतं. तेव्हा नवऱ्याने चिंध्या, कापूस आणि जुन्या गादीतला स्पंज काढून एक पूर्ण उंचीचा माणूस शिवला. छातीत स्पंज असा बसवला की नेमका दोन इंच दबेल. टेप लावून त्याने तो तीनदा मोजला. लिफ्टताईला वाटलं, झालं. पण नवऱ्याला तो माणूस तसाच उघडा ठेववेना. त्याने त्याला करड्या रंगाचा सूट शिवला. आतून अस्तर, तीन बटणं, खिशात रुमाल.

"अहो, मला छाती दाबायचीय. दरवेळी कोट काढू का याचा?"

"काढायचाच. रस्त्यावर माणूस पडला तर तो काय बनियनवर पडणार आहे? आणि बटणं हळू काढ. चांगली आहेत."

सासूबाईंनी त्याला पहिल्याच दिवशी पाहुणे म्हणायला सुरुवात केली. पाहुणे दिवाणाच्या कडेला भिंतीला टेकून बसत. लिफ्टताई रोज त्यांचा कोट काढून मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या चालीवर छाती दाबायची, तीस वेळा दाबून दोन श्वास. नवरा शेजारी मशीनवर त्याच चालीने पायडल मारून ताल धरायचा. सासूबाई दारातून बघायच्या. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "रोज एवढं करतेस त्यांचं, एकदाही डोळे उघडून बघितलं नाही मेल्याने."

सासूबाईंचा खरा उपयोग मात्र प्रश्नांसाठी झाला. पेशंटला सहा गोष्टी विचाराव्या लागतात: काय होतंय, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, औषधं कोणती, पूर्वी काय झालं होतं, शेवटचं काय खाल्लं-प्यायलं आणि हे सगळं होण्याआधी काय घडलं. लिफ्टताई वही घेऊन बसली.

"काय होतंय, आई?"

"कोणाला सांगू आणि काय सांगू," म्हणून सासूबाईंनी जी सुरुवात केली ती पाऊण तास. त्यात गुडघा होता, डावा कान होता, आणि त्यांच्या धाकट्या जावेने एकतीस वर्षांपूर्वी एका लग्नात केलेला अपमानही होता. हा अपमान कुठल्या रकान्यात लिहायचा हे लिफ्टताईला समजेना. शेवटी तिने तो पूर्वी काय झालं होतं त्यात टाकला.

"शेवटचं काय खाल्लंत?"

सासूबाईंनी पदराने ओठ पुसले.

"आई, पेशंटने खरं सांगायचं असतं."

"दोन बिस्किटं."

"कधी?"

"आत्ता. तू वही आणायला गेलीस तेव्हा." मग त्या म्हणाल्या, "आणि त्याआधी चार. डबा शिलाईच्या कपाटात आहे, कापडाच्या मागे. आता लिहू नकोस हे."

पण खरा गोंधळ पुढच्या आठवड्यात झाला. पाठीला किंवा मानेला मार लागला असेल तर माणसाला फळीवर सरळ बांधतात, मान हलू द्यायची नसते. लिफ्टताईने नवऱ्याची कापड कापायची लांब फळी काढली, पट्ट्यांसाठी खाटेची जाड नवार घेतली, मानेच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या आणि सासूबाईंना त्यावर असं बांधलं की पुस्तकातलं चित्र लाजेल. छाती, कंबर, मांड्या, शेवटी डोकं. सासूबाईंना ते इतकं आवडलं की पाच मिनिटांत त्यांना गाढ झोप लागली. बरं वाटतंय तर झोपू दे म्हणून लिफ्टताई भाजी आणायला गेली. नवरा मागच्या खोलीत इस्त्री करत होता.

तेवढ्यात शेजारीण वाटीभर साखर मागायला आली. दार उघडंच होतं. समोर म्हातारी फळीला बांधलेली, डोळे मिटलेले. बाजूला सुटातला एक माणूस भिंतीला टेकून तिच्याकडे बघतोय आणि हूं की चूं करत नाही. शेजारणीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने बाहेर जाऊन अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला आणि सांगितलं की एक बाई बांधून ठेवलीय आणि एक माणूस राखण करतोय.

अ‍ॅम्ब्युलन्स आली. चालवणाऱ्याला सावकाशभाऊ म्हणत, कारण वळण आलं, चढ आला, बायकोचा फोन आला, काहीही आलं तरी तो "सावकाश" म्हणायचा. त्याच्या गाडीतून कधी कोणी डोकं आपटून उतरलं नव्हतं. तो आणि त्याचा सोबती आत आले तेव्हा लिफ्टताई भाजीची पिशवी घेऊन दारातच पोचली होती. सावकाशभाऊने आधी पाहुण्यांच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली, मग बोटांना कापूस लागला तो झटकला. मग सासूबाईंच्या पट्ट्या एकेक करून ओढून पाहिल्या.

"कोणी बांधलंय?"

"मी," लिफ्टताई म्हणाली. "सराव होता. चुकलं का काही?"

"छातीच्या पट्टीखाली हात जातोय म्हणजे श्वास मोकळा आहे. डोकं शेवटी बांधलंय, तेही बरोबर." तो सोबत्याकडे वळला. "बघून घे रे. आपण परवा बांधला तो माणूस दारातच सुटला होता."

सासूबाई जाग्या झाल्या, डोळ्यांनीच तिघांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आलेच आहात तर चहा घेऊन जा. मला मात्र सोडू नका इतक्यात. पाठ पहिल्यांदा सरळ झालीय."

शेजारीण पुढे महिनाभर साखर मागायला आली नाही.

लेखी परीक्षेत लिफ्टताई पहिल्याच फेरीत पास झाली. मग आलं प्रात्यक्षिक. मोठा हॉल, पडदे लावून केलेले कप्पे. तिच्या कप्प्यात शिडीखाली एक माणूस पडलेला. हा माणूस हौशी नाटकमंडळींतला होता आणि असा काही कण्हत होता की ऐकणाऱ्याचं काळीज पाणी पाणी व्हावं. लिफ्टताईचं झालं. ती धावली, गुडघे टेकले, खांद्यांवर हात ठेवले आणि अगदी बरोबर विचारलं, "ऐकू येतंय का?"

"थांबा," परीक्षक बाई म्हणाल्या. "तुम्ही मेलात."

"कधी?"

"आत्ताच. त्याच्या हातात चालू वायर आहे."

लिफ्टताईने वायर पाहिली. तिचं दुसरं टोक खुर्चीच्या पायाला बांधलेलं होतं. "बाई, ही तर खुर्चीला..."

"परीक्षेत ती चालू आहे. पुढचा विद्यार्थी."

पडलेल्या माणसाने एक डोळा उघडला. "वाईट वाटून घेऊ नका, ताई. सकाळपासून तुम्ही पाचव्या."

घरी नवऱ्याने कात्री खाली ठेवून विचारलं, "कशी झाली परीक्षा?"

"मी मेले."

"कशाने?"

"वायरने."

"चटका बसला की काय?"

"नाही हो. नुसतीच मेले."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "मग जेवणाचं काय?"

फेरपरीक्षा तीन आठवड्यांनी होती. त्या तीन आठवड्यांत घरच्यांच्या नाकी नऊ आले. लिफ्टताई कुठल्याही खोलीत शिरण्याआधी उंबऱ्यावर थांबायची, एक हात आडवा धरून मागच्यांना अडवायची, वर-खाली, डावीकडे-उजवीकडे बघायची आणि मोठ्याने म्हणायची, "जागा सुरक्षित आहे." मग सगळे आत. न्हाणीघराच्या दारात तर नवऱ्याला साबणाची वडी उचलेपर्यंत उभं राहावं लागे. दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाला तिने शिवणयंत्राच्या वायरपासून दोन पावलं मागे घेतलं. तो बिचारा मापंसुद्धा तिथूनच द्यायला लागला.

फेरपरीक्षेला तिला सायकलवरून पडलेली बाई मिळाली. लिफ्टताईने हातमोजे चढवले, जागा पाहिली, नसलेल्या गाड्या थांबवल्या, नसलेल्या गर्दीला मागे सारलं. सायकलचं चाक फिरतंय का तेही पाहिलं. मग बाईजवळ गेली, मी कोण, कशाला आलेय, हात लावू का, हे विचारलं, मान धरून ठेवली, श्वास पाहिला, रक्त पाहिलं, सहा प्रश्न विचारले, मोडलेल्या हाताला फळी बांधली आणि बांधण्याआधी व नंतर बोटांत जीव आहे का ते बघितलं. परीक्षक बाईंनी कागदावर सही केली.

"पास. पण खऱ्या माणसाजवळ जायला एवढा वेळ लावू नका. तो चालत घरी जाईल."

आता लिफ्टताईला गाडीवर चार वर्षं झालीत. सावकाशभाऊच्याच गाडीवर. पुष्कळ माणसं तिने आणली, काही वाटेत बरी झाली, एक बाळ तर वळणावरच जन्मलं. पण तिला विचाराल तर ती पहिल्या खेपेचीच हकिगत सांगते.

सकाळी साडेअकराची वेळ. चपलांच्या दुकानदाराने फोन केला होता की शेजारच्या सलूनमध्ये माणूस आडवा झालाय, काचेतून दिसतोय. सावकाशभाऊने गाडी दाराशी लावली. लिफ्टताई उंबऱ्यावर थांबली. जमिनीवर वस्तरा उघडा पडला होता. तो तिने हातमोज्याने उचलून फळीवर ठेवला. मग समोर पाहिलं. खुर्ची मागे रेलून जवळजवळ आडवी केलेली, तिच्यात पांढऱ्या चादरीखाली एक माणूस निपचित. डोळ्यांवर टॉवेल. आणि तोंडाला फेस.

फेस म्हटल्यावर लिफ्टताईच्या डोक्यात पुस्तकाचं झटक्यांवरचं पान उघडलं. ती पुढे झाली, खांद्यांवर थोपटलं.

"ऐकू येतंय का?"

"येतंय की," माणूस म्हणाला. "तुम्ही कोण?"

"मी अ‍ॅम्ब्युलन्सवरची. तुमच्या तोंडाला फेस आलाय."

"आलेला नाही, लावलाय. मिशी काढतोय मी."

"मग काढणारे कुठे आहेत?"

"मला काय ठाऊक? अर्धी काढली आणि गेले. दहा मिनिटं झाली. मला वाटलं वस्तऱ्याला धार लावतायत."

तेव्हा खुर्चीच्या मागून बारीक कण्हणं ऐकू आलं. सलूनवाले काका बेसिनखाली भिंतीला टेकून घसरले होते. साठीचा माणूस. डोळे अर्धवट उघडे, चेहरा पांढराफटक, कपाळावर घामाच्या धारा. लिफ्टताईने हात धरला तर तो गार आणि ओला, आणि नाडी सुसाट.

"काका, ऐकू येतंय का?"

"मध्यम ठेवू की बारीक?" काका म्हणाले.

दारातून चपलांचा दुकानदार म्हणाला, "प्यायलाय हो. उतरेल तासाभरात. राहू द्या."

लिफ्टताईने काकांचं तोंड हुंगलं. सुगंधी पावडरशिवाय कसलाच वास नव्हता. "कुठे लागलंय का? आपटले का हे?" तिने खुर्चीतल्या माणसाला विचारलं. तो आता उठून बसला होता. डावीकडे झुबकेदार मिशी, उजवीकडे नुसता ओठ.

"आपटल्याचा आवाज नाही आला. घसरल्यासारखा काहीतरी आला."

"औषधं कसली घेतात?"

"साखरेची गोळी. सकाळी माझ्यासमोरच घेतली."

"आणि शेवटचं खाल्लं कधी?"

माणूस विचारात पडला. "खाल्लं नाही. म्हणाले, तुमची मिशी उरकतो आणि मग खातो. पण मीच तासभर घालवला. सत्तावीस वर्षांची मिशी आहे. काढू की नको, काढू की नको, चाललं होतं माझं."

लिफ्टताईने काकांच्या बोटाला सुई टोचून यंत्रावर थेंब घेतला. रक्तातली साखर अठ्ठेचाळीस. सावकाशभाऊ वाकून आकडा बघून म्हणाला, "फारच खाली." काका अजून बोलत होते, सांगितल्यावर घोट गिळून दाखवत होते. म्हणजे तोंडाने देता येत होतं. तिने गालाच्या आत साखरेची पेस्ट थोडी थोडी करून लावली आणि ती गिळली जातेय ना ते बघत शेजारी बसून राहिली. चपलांचा दुकानदार एकदम गायब झाला.

दहा-बारा मिनिटांत काकांच्या गालांवर रंग आला. त्यांनी डोळे चोळले, भिंत पाहिली, लिफ्टताई पाहिली, मग वर गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पुन्हा पडला.

"अरे देवा, तुमची मिशी राहिली."

ते वस्तरा शोधायला लागले. लिफ्टताईने त्यांना खाली बसवलं. आकडा पुन्हा घेतला, चौऱ्याऐंशी होता, पण अशा गोळीने साखर पुन्हा उतरू शकते, दवाखान्यात यावंच लागेल, असं तिने समजावून सांगितलं. काका कबूल झाले. गिऱ्हाईक मात्र होईना.

"म्हणजे मी असाच राहू?"

"पलीकडच्या गल्लीत दुसरं सलून आहे," सावकाशभाऊ म्हणाला.

माणसाने त्याच्याकडे असं पाहिलं की सावकाशभाऊ गाडीचं दार उघडायला निघून गेला. "सत्तावीस वर्षं या मिशीला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही," तो म्हणाला आणि फेस पुसून अ‍ॅम्ब्युलन्समध्ये काकांच्या शेजारी जाऊन बसला.

दवाखान्यात सलूनवाल्या काकांना रात्रीपुरतं ठेवून घ्यायचं ठरलं. गिऱ्हाईक दिवसभर बाकावर बसून होता. ज्या बाजूने लोक येत त्यावर अवलंबून कोणी त्याला रुबाबदार समजे, तर कोणी पोरगेलासा. दोन वेळा तपासायला आलेल्या नव्या डॉक्टरने त्याला दोन वेगवेगळी माणसं समजून दोनदा तेच सांगितलं. संध्याकाळी तो घरी गेला तो रुमाल तोंडाला धरून, आणि सकाळी आठाला पुन्हा हजर. सोबत काकांची वस्तऱ्याची पेटी.

सिस्टरने काकांच्या हाताला कंप नाही ना ते बघितलं, नाश्ता पूर्ण खाल्ल्याचं बघितलं आणि दहा मिनिटं दिली. लिफ्टताईची पाळी अजून सुरू व्हायची होती, तेव्हा आरसा तिने धरला. काका पलंगाच्या कडेला बसले, गिऱ्हाईक स्टुलावर. फेस लावून झाला. वस्तरा जवळ आला तसा गिऱ्हाइकाने हात वर केला.

"काका, ही ठेवली तर?"

"एकच?"

गिऱ्हाइकाने बराच विचार केला. सिस्टरने घड्याळाकडे पाहिलं. मग त्याने हात खाली घेतला आणि काकांनी चार फटक्यांत सगळं साफ केलं. त्याने आरशात पाहिलं, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. चेहरा जरा पांढरा वाटला म्हणून लिफ्टताईने आरसा खाली ठेवून त्याचं मनगट धरलं.

"काय होतंय?" तिने विचारलं.

"काही नाही," तो ओठावरून बोट फिरवत म्हणाला. "गार लागतंय."